बेळगावात नव्याने राहायला येताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुणी चंदगड-गडहिंग्लजहून येतं, कुणी कोल्हापूर, सावंतवाडी, गोव्याहून. कुणी बदलीवर, कुणी केएलई या शिक्षणसंस्थेत नाहीतर जीआयटी या अभियांत्रिकी कॉलेजात प्रवेश घेऊन, कुणी लग्न होऊन. प्रश्न बहुतेक तेच असतात, विचारायचा क्रम तेवढा बदलतो. पुरुष आधी गाडीच्या नंबरप्लेटचं विचारतात, आईबाप मुलीच्या पीजीचं. खालची उत्तरं बेळगाव शहर डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. खानापूर आणि निपाणीकडे जाणाऱ्यांसाठी पुढे वेगळं सांगितलंय.

मला कन्नड अजिबात येत नाही. अडेल का?

बाजारात अडणार नाही. गणपत गल्ली, खडेबाजार, मारुती गल्ली, रविवार पेठ इथे दुकानदार गिऱ्हाईक बघून भाषा बदलतो. शहापूर, वडगाव, अनगोळ, टिळकवाडीत तर घराघरांत मराठीच कानावर पडेल. अडतं ते कागदावर. महापालिकेची नोटीस, हेस्कॉमचं म्हणजे वीज कंपनीचं बिल, बसची पाटी, शाळेतून आलेलं परिपत्रक हे सगळं कन्नडमध्ये असतं. २०२४ पासून दुकानांच्या पाट्यांवरही साठ टक्के कन्नड सक्तीचं झालंय. त्यामुळे बोलायच्या आधी वाचायला शिका, असा आमचा सल्ला उलटा वाटला तरी खरा आहे. अक्षरं ओळखता आली की बसथांब्यावर कुणाचं तोंड बघत उभं राहावं लागत नाही.

बोलण्यापुरतं म्हणाल तर ‘एष्ट्री’ (किती हो), ‘बेकु’ (पाहिजे), ‘ब्याड’ (नको), ‘इल्ली निल्लिस्री’ (इथे थांबवा) एवढ्यावर पहिला महिना निघतो. वाक्याच्या शेवटी ‘री’ लावायला विसरू नका. इकडच्या कन्नडमध्ये सगळा मान त्या ‘री’त असतो. उच्चार चुकला तर समोरचा हसेल आणि बहुतेक वेळा मराठीतच उत्तर देईल.

सीमाप्रश्नामुळे मराठी माणसाला इथे धोका आहे का?

बातम्या बघून आलेला प्रत्येक जण हे विचारतो, म्हणून जरा सविस्तर.

१९५६ च्या राज्य पुनर्रचनेत हा भाग तेव्हाच्या म्हैसूर, म्हणजे आताच्या कर्नाटक राज्यात गेला. १९६७ चा महाजन आयोगाचा अहवाल महाराष्ट्राने मानला नाही, आणि २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. या सगळ्याची इथल्या माणसाच्या मनात ठसठस आहे, ती खोटी नाही. पण त्याच माणसाचा भागीदार कन्नड असतो, शेजारी कन्नड असतो, सोयरीकही झालेली असते. रोजच्या व्यवहारात कुणी तुम्हाला भाषेवरून अडवेल ही भीती मनातून काढून टाका.

वर्षातले काही दिवस मात्र वेगळे असतात, ते ठाऊक असावेत. १ नोव्हेंबरला कर्नाटक राज्योत्सव. आदल्या रात्रीपासूनच चन्नम्मा सर्कलला गर्दी उसळते. त्याच दिवशी मराठी भाषिक काळा दिन पाळतात, सायकल फेरी निघते. १७ जानेवारी आणि १ जून हे सीमालढ्यातल्या हुतात्म्यांना अभिवादनाचे दिवस. डिसेंबरच्या आसपास सुवर्ण विधानसौधमध्ये विधिमंडळाचं अधिवेशन भरतं, तेव्हा बंदोबस्त वाढतो, रस्ते वळवले जातात, हॉटेलातल्या खोल्या मिळत नाहीत. वाद पेटला की पहिला फटका बसतो तो दोन्ही राज्यांमधल्या बससेवेला. डिसेंबर २०२२ मध्ये हिरेबागेवाडी टोलनाक्यापाशी महाराष्ट्र पासिंगच्या ट्रकवर दगडफेक झाली आणि बस थांबल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये एका बसवाहकाला मारहाण झाल्यावर पुन्हा तेच. अशा वेळी कोल्हापूरला जाणं टळत असेल तर टाळा. नसेलच टळत तर रेल्वेने मिरजेला जा.

आणखी एक, जे पाहुणे लक्षात घेत नाहीत. इथली माणसं या विषयावर आपसांत टोकाचं बोलतील, चेष्टाही करतील. तुम्ही आल्या आल्या चहाच्या गाड्यावर उभं राहून निकाल देऊ नका, आणि तणावाच्या दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले व्हिडिओ पुढे तर मुळीच पाठवू नका. अर्धे जुने असतात. बाकीचे कुठले असतात ते पाठवणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

गाडी एमएच-०९ आहे. नंबर बदलावा लागेल का?

बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी इथेच वापरणार असाल तर हो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे नवीन राज्यात नोंदणी करून घ्यावी लागते. त्यासाठी आधी मूळ आरटीओकडून ना-हरकत दाखला आणा, इथला कर भरा, मग केए-२२ नंबर मिळतो. मूळ राज्यात भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो. लोक तो मागायचाच विसरतात किंवा एजंटच्या भरवशावर सोडून देतात.

तोवर इथे कधी आलात याचा पुरावा गाडीत ठेवा. बदलीचा आदेश, भाडेकरार, कॉलेजची पावती, काहीही चालेल. शहरात एमएच आणि गोव्याच्या गाड्या रोज शेकड्यांनी फिरतात, कुणी वळूनही बघत नाही. वर सांगितलेल्या दोन-चार दिवशी ती गाडी रस्त्यावर न लावता कंपाउंडच्या आत घ्या, इतकंच.

राहायला कुठला भाग बरा?

‘मराठी भाग कुठला’ असं विचारण्यापेक्षा तुमचं काम कुठे आहे ते आधी बघा. उद्यमबागच्या कारखान्यात किंवा जीआयटीत असाल तर टिळकवाडी, अनगोळ, भाग्यनगर, मजगाव. केएलई रुग्णालय नाहीतर त्यांचं जेएनएमसी हे वैद्यकीय कॉलेज असेल तर नेहरूनगर, सदाशिवनगर, शिवबसवनगर. विश्वेश्वरय्या विद्यापीठासाठी मच्छे, पिरनवाडी. राणी चन्नम्मा विद्यापीठ शहरापासून बरंच बाहेर, त्यामुळे तिकडे रोज बस कुठून मिळते ते बघून घर धरावं. कॅम्पात मराठी, कोकणी, हिंदी, उर्दू सगळं मिसळलेलं आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र जवळ असल्याने रात्रीही तो भाग शांत असतो.

टिळकवाडीत घर घेणाऱ्याने रेल्वे गेटची कोणती बाजू ते जरूर बघावं. दुसरं गेट पडलं की दहा मिनिटांचा रस्ता किती वेळाचा होईल ते स्टेशनमास्तरच जाणे. तिसऱ्या गेटवर पूल झालाय, पण सगळी वाहनं तिकडेच वळतात.

भाडेकरार, डिपॉझिट आणि ‘लीज’ म्हणजे काय प्रकार?

भाड्याचा करार सर्रास अकरा महिन्यांचा होतो. एका वर्षापेक्षा जास्त मुदत असली तर नोंदणी बंधनकारक असते, म्हणून ही पळवाट. हरकत नाही, पण करार स्टॅम्प पेपरवर हवा आणि डिपॉझिट किती, रंगकामाचे पैसे कोण देणार, घर सोडायची पूर्वसूचना किती दिवसांची हे लिहिलेलं हवं. करार कन्नडमध्ये असेल तर सही करण्याआधी कुणाकडून तरी ओळ न ओळ वाचून घ्या. डिपॉझिट बँकेतून द्या. रोख द्यावंच लागलं तर पावती घ्या.

महाराष्ट्रातून येणाऱ्यांना ‘लीज’ची जाहिरात बुचकळ्यात टाकते. त्यात एकरकमी काही लाख मालकाला द्यायचे, दोन-तीन वर्षं भाडं न देता राहायचं आणि जाताना रक्कम परत घ्यायची. गणित छान दिसतं. पण मालकाने घर बँकेकडे गहाण ठेवलेलं असलं तर तुमचे पैसे अडकलेच म्हणून समजा. म्हणून लीज नोंदणी करूनच घ्या, आणि आधी ‘कावेरी’ पोर्टलवरून किंवा उपनिबंधक कार्यालयातून घराचा बोजा-दाखला काढा. इकडे त्याला सगळे ‘ईसी’ म्हणतात. मालक नोंदणीला तयार नसेल तर ते घर सोडा, कितीही हवेशीर असलं तरी.

घरमालक जात, आडनाव, मटण-मासे सगळं विचारतात. काय सांगायचं?

विचारतात, खरंय. ‘फक्त शाकाहारी’ अशी पाटी बऱ्याच ठिकाणी दिसेल. आम्हाला ते आवडत नाही, पण खोटं सांगून आत शिरणं तुमच्याच मनाला रोज टोचेल. जिथे सरळ सांगून घर मिळतं तिथेच राहा. आधारकार्डाची प्रत मागितली तर द्या, पण प्रतीवर ‘फक्त घरभाड्यासाठी’ असं लिहून तारीख टाका.

पाणी रोज येतं का?

भागावर अवलंबून. शहराला राकसकोप आणि हिडकल या दोन जलाशयांचं पाणी येतं. काही वॉर्डांत चोवीस तास नळ चालतो, बाकी ठिकाणी दिवसाआड किंवा त्याहून उशिरा. घर बघायला जाल तेव्हा मालकाला न विचारता शेजारणीला विचारा, आणि टाकी केवढी आहे ते वर चढून बघा. उन्हाळ्यात विहीर किंवा बोअर असलेलं घर मिळालं तर नशीब.

दोनशे युनिट मोफत वीज भाडेकरूला मिळते का?

मिळते. ‘गृहज्योती’त मीटरचा मागचा सरासरी वापर आणि त्यावर दहा टक्के, कमाल २०० युनिटपर्यंत, बिल शून्य येतं. बिलावरचा आरआर नंबर तुमच्या आधारशी जोडावा लागतो. आधीच्या भाडेकरूचं आधार तसंच जोडलेलं असलं तर ते सेवा सिंधू पोर्टलवर आधी काढून घ्यावं लागतं. घराची चावी घेतानाच हे विचारून टाका.

मुलगी एकटी राहणार आहे. कितपत सुरक्षित?

पुण्या-मुंबईइतकी धावपळ इथे नाही आणि दुकानं लवकर बंद होतात. याचे फायदे-तोटे दोन्ही आहेत. गल्लीत माणसं एकमेकांना ओळखतात, नवी मुलगी आली की आठवड्यात सगळ्यांना कळतं. ‘कुठनं आलाय? काय करायलाय?’ असं कुणी काकू दारातून विचारतील. पहिल्यांदा तो आगाऊपणा वाटतो. पण रात्री दिवे गेले किंवा कुणी मागे लागलं, तर त्याच काकूंचं दार सगळ्यात आधी उघडतं. उत्तर द्यायचं, चार शब्द बोलायचे, बाकीचं स्वतःपाशी ठेवायचं.

पीजी निवडताना जेवण आणि वायफायच्या आधी हे बघावं: रात्री दार कोण उघडतं, वॉर्डन तिथेच राहते की दिवसा येऊन जाते, बसथांब्यापासून दारापर्यंतच्या रस्त्यावर उजेड आहे का. हे बघायला संध्याकाळी सातनंतर जा. सकाळी अकराला सगळ्याच गल्ल्या सुरक्षित दिसतात.

रात्रीची बस मध्यवर्ती बसस्थानकात उतरवते. तिथे पोहोचायला मध्यरात्र होणार असेल तर कुणाला तरी घ्यायला बोलवा, नाहीतर पहाटे पोहोचणारी गाडी निवडा. नेहमीचा एक रिक्षावाला ठरवून ठेवणं हा बेळगावचा जुना आणि चांगला रिवाज आहे. सकाळी फिरायला टिळकवाडीतलं व्हॅक्सिन डेपोचं मैदान बरं, पाचपासून माणसांची वर्दळ असते.

मदतीसाठी ११२, महिला हेल्पलाइन १८१, रुग्णवाहिकेसाठी १०८. फोनवर पत्ता सांगताना गल्लीच्या नावावर थांबू नका. मारुती गल्ली शहरात आहे, अनगोळात आहे, आसपासच्या गावांतही आहे. ‘अनगोळ, मारुती गल्ली, अमक्या देवळाच्या मागे’ असं म्हणा. हे वाक्य घबराटीत सुचत नाही, म्हणून आजच म्हणून बघा.

रिक्षाचं मीटर?

विसरा. बसण्याआधी ठरवा, सामानासकट ठरवा. दर माहीत नसेल तर ज्यांच्याकडे निघालाय त्यांना फोन करून विचारा.

कर्नाटकात बायकांना बस मोफत आहे म्हणे. मलाही?

जून २०२३ पासून ‘शक्ती’ योजनेत कर्नाटकातल्या रहिवासी महिलांना राज्यातल्या साध्या आणि एक्स्प्रेस बसमध्ये तिकीट लागत नाही. शहर बसमध्येही नाही. अट एकच: दाखवायच्या ओळखपत्रावर कर्नाटकातला पत्ता हवा. आधार कोल्हापूरचं असेल तर पैसे भरावे लागतील, वाहकाशी वाद घालून उपयोग नाही. आणि मोफत असलं तरी शून्य रकमेचं तिकीट हातात घ्यायचंच असतं. एसी आणि आराम बस किंवा राज्याबाहेर जाणारी गाडी यात धरत नाहीत.

पोलिसांत तक्रार द्यायची वेळ आली तर भाषेचं काय?

बहुतेक ठाण्यांत मराठी समजणारा कुणीतरी भेटतो. लिहिलं जातं ते कन्नडमध्ये. कायद्याने तक्रार लिहून झाल्यावर ती तुम्हाला वाचून दाखवावी लागते आणि एफआयआरची प्रत फुकट द्यावी लागते. वाचून घेतल्याशिवाय सही करू नका. सोबत कन्नड जाणणारा ओळखीचा माणूस असला तर उत्तम. ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ म्हणून दखलपात्र गुन्ह्याची तक्रार परत पाठवता येत नाही. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत हे स्पष्ट लिहिलंय. ऑनलाइन पैसे गेले असतील तर ठाण्यात जाण्याआधी १९३० ला फोन लावा. तिथे पहिल्या तासाभराला किंमत असते.

मुलांना मराठी शाळेत घालता येईल का?

येईल. सरकारी मराठी शाळा आहेत, अनुदानित मराठी हायस्कूल आहेत. कन्नड मात्र पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून कुठल्याही शाळेत शिकावंच लागतं, इंग्रजी माध्यमातसुद्धा. पाचवीनंतर आलेल्या मुलाला पहिलं वर्ष जड जातं. अशा मुलाला शिकवणीपेक्षा कन्नड बोलणारा खेळगडी मिळवून द्या, काम लवकर होतं. सुट्ट्यांचा घोळ आधीच सांगून ठेवतो: इथे मोठी सुट्टी दसऱ्याला असते. दिवाळीला गावी जायचे बेत त्याप्रमाणे आखा.

पावसाळा कसा असतो?

जोराचा. सह्याद्रीची कड जवळ आहे, जुलैत कपडे वाळत नाहीत. बळ्ळारी नाल्याच्या बाजूची शेतं आणि सखल वस्ती दर मोठ्या पावसात पाण्याखाली जातात. ऑगस्ट २०१९ चा पूर अजून कुणी विसरलेलं नाही. येळ्ळूर रोड, वडगाव, शहापूरकडच्या नव्या वसाहतीत घर घेताना भिंतीवरची पाण्याची खूण बघा. नुकताच रंग दिलेला असला तर शेजाऱ्याची भिंत बघा.

शहरात बिबट्या फिरतो हे खरं का?

ऑगस्ट २०२२ मध्ये फिरला. गोल्फ मैदानाच्या झाडीत दडून बसला, आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या, शोधायला हत्ती आणले, तरी तो काही हाती लागला नाही. रोजच्या जगण्यात मोकाट कुत्र्यांपासून सांभाळा.

मंडळाची पोरं वर्गणी मागायला येतात. द्यायची का?

द्या, झेपेल तेवढी, आणि पावती घ्या. गणेशोत्सव, परंपरेप्रमाणे वैशाखात निघणारी शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक, नवरात्रातली पहाटेची दौड, वडगावची मंगाई यात्रा: गल्लीची ओळख या दिवसांत होते. आरतीला एकदा उभे राहिलात की भाजीवाल्यापासून नगरसेवकापर्यंत सगळे तुम्हाला ‘त्या वरच्या मजल्यावरचे’ म्हणून ओळखायला लागतात. ज्यांना गर्दी सोसत नाही त्यांनी चित्ररथाच्या रात्री मध्यवस्तीत गाडी घेऊन शिरू नये, पहाटेपर्यंत बाहेर पडता येत नाही.

ओळखी होत नाहीत, रात्री झोप लागत नाही. काय करू?

नव्या गावात पहिले काही आठवडे असं होतं. कान सारखा दाराकडे असतो. दिवसाला एक ठिकाण ठरवा जिथे रोज त्याच वेळी जायचं. वाचनालय, खानावळ, तालीम, देऊळ, काहीही. सार्वजनिक वाचनालय १८४८ पासून चालू आहे, तिथे मराठी पुस्तकंही मिळतात आणि गप्पा मारणारे ज्येष्ठही. हिवाळ्यात कडोली, येळ्ळूर, सांबरा, उचगाव, बेळगुंदी अशा गावांत मराठी साहित्य संमेलनं भरतात. ग्रंथदिंडी, कविसंमेलन, पंगत, आणि अनोळखी माणसाला हाताला धरून जेवायला बसवण्याची रीत. एका दुपारी जाऊन या.

झोप उडणं आठवड्यामागून आठवडे चालूच राहिलं, छातीत धडधडायला लागलं, तर टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर बोला. फोन फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. धारवाडला मानसिक आरोग्याची मोठी सरकारी संस्था आहे, डिमहान्स. तिथे जाण्यात कमीपणा मानू नका.

बदली बेळगावला नाही, खानापूर किंवा निपाणीला झालीय.

खानापुरात मराठीवर निभावतं, पाऊस आणि जंगल मात्र जास्त. जांबोटी-कणकुंबीकडे संध्याकाळनंतर दुचाकीने एकट्याने जाऊ नका. अस्वलं आहेत, आणि मोबाइलची रेंज भरवशाची नाही. निपाणी बाजाराची आणि तंबाखूची पेठ, तिचा ओढा कोल्हापूरकडे. दवाखाना, खरेदी, नातीगोती सगळं तिकडे, फक्त कचेरीची कामं चिक्कोडी-बेळगावला. कोगनोळी नाक्यावरून रोज ये-जा करणाऱ्याने बस बंद पडण्याच्या दिवसांसाठी रजेचा एखादा दिवस राखून ठेवावा.

आधारवरचा पत्ता लगेच बदलावा का?

घाई करू नका. इथला पत्ता झाला की बस आणि शिधापत्रिकेची कामं सोपी होतात. पण महाराष्ट्रातली ‘लाडकी बहीण’सारखी योजना तिथल्या रहिवाशांसाठीच आहे, दोन्हीकडचं घेता येत नाही. अनुसूचित जाती-जमातीचं आरक्षण मूळ राज्यातच चालतं, राज्य बदललं म्हणून ते सोबत येत नाही. घरात आठवी-नववीतलं मूल असेल तर पुढच्या सीईटीचा विचार आधी करा. कर्नाटकच्या सीईटीत इथे किती वर्षं शिकलात ते मोजतात, महाराष्ट्राच्या सीईटीत अधिवास आणि दहावी-बारावी कुठून केली ते बघतात. ८६५ वादग्रस्त सीमागावांतल्या मराठी भाषिक विद्यार्थ्यांसाठी तिथे वेगळी तरतूद आहे, पण ती कागदपत्रांवर ठरते. म्हणून शाळेचे आणि अधिवासाचे जुने दाखले गावीच ट्रंकेत न ठेवता सोबत आणा. मतदारयादीतलं नाव मात्र लगेच हलवून घ्या, त्यासाठी अर्ज क्रमांक ८ भरायचा असतो.